पोपटाच्या पिल्लाची तपासणी: बडोद्यात काम सुरू करणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यक शिकणाऱ्यांपैकी कुणाला राघूच्या पिल्लांवर काम करायचं असेल, तर आधी कागद. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे. गुजरात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ढोलीत हात घालायचा नाही, आणि रक्त पशुवैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. परवानगीला वेळ लागतो. बडोद्यात वीण साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असते, त्यामुळे अर्ज दिवाळीच्या आसपास गेलेला बरा.

ढोलीतली सगळी पिल्लं एकाच वेळी बाहेर काढू नका. आई परत आली तर तिला घरटं रिकामं दिसता कामा नये. एकेक पिल्लू, कापड घातलेल्या वाडग्यात, सावलीत, दहा-पंधरा मिनिटांत परत. उघडं पिल्लू सकाळच्या गारव्यात लगेच थंड पडतं आणि एप्रिलच्या दुपारी चोच उघडून धापा टाकतं. म्हणून सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी.

वजन हा पहिला आकडा आणि सगळ्यात फसवा. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली असली की वजन सहज दहा टक्क्यांनी फुगतं, म्हणून वजनाशेजारी पिशवी शून्य ते चार या प्रमाणात किती भरली आहे ते लिहा. ती दाबून पाहू नका. अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर पिल्लू तिथेच दगावतं. अंडी एकदम उबत नाहीत, दिवसाआड उबतात, त्यामुळे शेवटचं पिल्लू थोरल्याच्या अर्ध्याने असू शकतं. ते आजारीच असेल असं नाही. पंखाची लांबी मोजा, तिच्यावरून वय काढा आणि मग त्या वयाशी वजन ताडून पाहा. नवखे हमखास इथेच चुकतात.

मग छातीचं हाड बोटाने चाचपा. दोन्ही बाजूंचा स्नायू भरलेला हवा. हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर उपासमार आहे. तोंडातली त्वचा फिकट असेल तर रक्तक्षयाची शंका घ्या. नाकपुड्या, कानाची भोकं, पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती बारीक नजर टाका. माइट्स आणि उवा तिथेच दडतात. गोचिडीच्या एका जातीची प्रौढं मात्र दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. त्यामुळे पिल्लू स्वच्छ दिसलं तरी ढोलीतला मूठभर चुरा झिपच्या पिशवीत घेऊन पांढऱ्या ताटात पसरून बघा. हलणारे ठिपके दिसतील.

रक्त शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आत. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला ही मर्यादा एक मिली, पण चाचण्यांना ०.२ मिली पुरतं. पन्नास ग्रॅमखालच्या पिल्लाला सुई लावू नका. पंखाच्या शिरेतून घ्या आणि टोचल्या जागी मिनिटभर कापूस दाबून धरा. काचपट्टीवर पातळ थर ताज्या रक्ताचाच ओढा, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा, मिथेनॉलमध्ये दोन मिनिटं बुडवा. रंगवण्यासाठी गिम्सा हा रंगद्रव. त्याचे साचलेले कण परजीवी वाटतात. सूक्ष्मदर्शकाचा फोकस हलवला की ते पेशींच्या पातळीवर नसून वरच्या थरात असल्याचं कळतं. हिमोप्रोटियस हा रक्तातला परजीवी तांबड्या पेशीच्या केंद्रकाला विळखा घालतो आणि त्यात तपकिरी कण दिसतात. लागण झाल्यावर तो रक्तात दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांच्या पिल्लाच्या नमुन्यात काही दिसलं नाही तर ‘लागण नाही’ असं लिहू नका, ‘आढळला नाही’ असं लिहा. निळसर झाक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी पिल्लांत बऱ्याच असतात. तो आजार नव्हे.

विष्ठेतले चाबूकधारी जीव (चाबकासारख्या शेपटीने हलणारे सूक्ष्म परजीवी) ताज्या नमुन्यातच हलताना दिसतात, नमुना वाळला की संपलं. अर्ध्या तासात कोमट सलाइनच्या थेंबात पाहा. जंतांची अंडी मात्र मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून नंतरही मिळतात.

एन-९५ मास्क आणि हातमोजे टाळू नका, कारण पोपटांकडून क्लॅमिडिया या जिवाणूची लागण माणसाला होऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार एका ढोलीतून दुसरीत आपल्याच हातांनी जाऊ शकतो. दर ढोलीनंतर मोजे बदला, आणि वाडग्यातलं कापडही.