विद्रूप राक्षस जोडताना आणि रंगवताना

टेबलावरच्या युद्धखेळांतले साध्या सैनिकांचे पुतळे साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचे असतात. त्यांच्यात उभा राहणारा राक्षस मात्र मुठीएवढा किंवा त्याहूनही मोठा असतो, आणि त्याच्या अंगावर सुरकुत्या, फोड, जखमा व सुळे यांची इतकी दाटी असते की सगळेच ठळक करण्याचा मोह होतो. सगळे अंग सारखेच किळसवाणे रंगवले, तर हातभर अंतरावरून नुसता तपकिरी-हिरवा गोळा दिसतो. म्हणून कटर हातात घेण्याआधीच किळस कुठे एकवटायची हे ठरवावे: जबड्यात, फाटलेल्या पोटात की पाठीवरच्या गळवांत. मी बहुतेक वेळा जबडा निवडतो, कारण समोरच्या खेळाडूची नजर आधी तिथेच जाते.

प्लास्टिकचे भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापताना थोडा देठ शिल्लक ठेवावा आणि तो नंतर धारदार पात्याने तासावा. भागाला अगदी लगटून कापल्यास प्लास्टिकचा टवका उडतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ उमटलेली असते. ती पात्याच्या बोथट पाठीने, फार दाब न देता खरवडून काढावी. उघड्या मांसल अंगावर ही रेघ चिलखतापेक्षा जास्त खटकते. मॉडेल रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) असेल तर साच्यातला तेलकट थर निघून जावा म्हणून सर्व भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावेत, आणि घासकाम ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावूनच करावे, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

प्लास्टिकसाठीचा खास गोंद दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतो. रेझिन आणि धातूवर त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू लागतो. जड पंख किंवा लांब हात नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाहीत. दोन्ही बाजूंना सुमारे १ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यात पितळी तार बसवावी. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक भाग कोरडा जुळवून पाहावा आणि ब्रश कुठे पोहोचणार नाही याची नोंद घ्यावी. माझ्या पहिल्या राक्षसाचा खालचा जबडा मी उत्साहाच्या भरात आधीच चिकटवला आणि त्याची जीभ शेवटपर्यंत प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराच्या, काळ्या रंगातच राहिली. तेव्हापासून जबडा आणि डोके वेगळे रंगवून शेवटी जोडतो.

सांध्यांतल्या फटी दोन घटकांच्या इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. दोन्ही घटक समान प्रमाणात, एकच रंग येईपर्यंत मळावेत आणि अवजार पाण्याने ओले ठेवावे, म्हणजे पुट्टी त्याला चिकटत नाही. सैनिकाच्या छातीवरची फट घासून सपाट करावी लागते. राक्षसाच्या काखेतल्या फटीवर मात्र पुट्टीची बारीक वळी ठेवून तिच्यावर दोन-तीन चरे ओढले, की तिची कातडीची घडी होते. या बाबतीत विद्रूप मॉडेल नवशिक्याला फार सांभाळून घेते.

प्रायमरचा स्प्रे २० ते ३० सेंटिमीटरवरून, हलक्या फवाऱ्यांत आणि मोकळ्या हवेत मारावा. दमट हवेत तो टाळलेलाच बरा. आधी सगळीकडे काळा आणि तो वाळल्यावर फक्त वरून फिकट राखाडी मारल्यास सावल्या कुठे पडतात हे आयतेच दिसते.

कातडीसाठी मी फिकट, जवळजवळ निरोगी वाटणारा रंग घेतो, कारण जखम अशाच कातडीवर उठून दिसते. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. मग पाण्याने आणखी पातळ केलेला जांभळा खोलगट भागांत, लालसर कोपरांवर आणि बोटांच्या पेरांवर, तर फिकट पिवळा ताणलेल्या पोटावर चढवावा. असा वॉश, म्हणजे खोलगट जागी उतरणारा पातळ रंग, दिल्यानंतर सपाट जागी साचलेले थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्यावेत. ते तसेच वाळले तर डागांच्या कडा उमटतात.

जखमेच्या मध्यभागी काळपट किरमिजी, त्याभोवती ताजा लाल आणि कातडीच्या कडेला जांभळट गुलाबी अशी उतरंड ठेवावी. पुवाचा फिकट पिवळा ठिपका एखादाच पुरे. दात हिरड्यांपाशी तपकिरी ठेवून टोकाकडे हाडासारखे फिकट करत न्यावेत आणि रेघा दाताच्या लांबीनेच ओढाव्यात. पांढऱ्याशुभ्र दातांचा राक्षस हास्यास्पद दिसतो.

बेसवर, म्हणजे मॉडेल ज्यावर उभे असते त्या बैठकीवर, पांढऱ्या गोंदाने वाळू चिकटवून ती रंगवून घ्यावी आणि मग संपूर्ण मॉडेलवर मॅट वार्निश मारावे. चकाकी त्यानंतरच द्यावी, कारण वरून मारलेले मॅट वार्निश ती घालवते. जीभ, हिरड्या आणि जखमेचा मध्य एवढ्याच जागी ग्लॉस वार्निश लावावे. लाळेसाठी पारदर्शक, तार धरणाऱ्या गोंदाचा थेंब टूथपिकवर घेऊन वरच्या सुळ्याला टेकवावा, सावकाश खालच्या दातापर्यंत ओढावा आणि तार ताणलेली असतानाच टूथपिक गोल फिरवून सोडवावी. दोन-तीन तारा लांबीने असमान ठेवाव्यात, आणि त्या पूर्ण सुकेपर्यंत मॉडेल धूळ बसणार नाही अशा डब्याखाली झाकून ठेवावे.