सोसायटीच्या मेलची स्क्रिप्ट पुन्हा चालवण्याआधी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्सची बिलं मेलने जातात. पैसे भरले की सभासद पावतीचा फोटो मेलनेच पाठवतात, विषयात ‘मेंटेनन्स’ किंवा ‘देखभाल’ असं काहीतरी लिहून. ते मेल वाचून कुणाचे आले, कुणाचे राहिले हे ठरवणारी पायथनची स्क्रिप्ट मी लिहिली आणि पहिल्याच तिमाहीत तिने अकरा जणांना थकबाकीची नोटीस काढली. अकराही जणांनी वेळेत पैसे भरले होते. साम्य एवढंच, की विषय त्यांनी मराठीत लिहिला होता. बी विंगमधल्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, बँकेची स्लिप हातात धरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, मी तर तीन तारखेलाच भरले.” ते मला फार लागलं. ही यादी त्यासाठी आहे.

पायथन ३.६ किंवा त्यापुढचं हवं, पासवर्ड कोडमध्ये नको. हे सगळ्यांना माहीत असतं.

मेल उतरवून घेताना बाइट्समध्येच (कच्च्या डेटाच्या रूपात) ठेवा, मध्येच त्याची स्ट्रिंग (मजकूर) करू नका. आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) आणताना ‘बॉडी.पीक’ वापरा. ‘आरएफसी८२२’ मागितलं तर मेल वाचलेला म्हणून खूण होते आणि मग खजिनदारांना इनबॉक्समध्ये नवं काय आलं ते कळत नाही.

आता मी विसरलो ते. पायथनच्या ईमेल लायब्ररीत बाइट्सवरून मेल वाचणाऱ्या मेसेज_फ्रॉम_बाइट्स या फंक्शनला आणखी एक आर्ग्युमेंट द्यायचाच : पॉलिसी=पॉलिसी.डिफॉल्ट. पॉलिसी म्हणजे मेल कसा वाचायचा, कसा लिहायचा याचे नियम. नावात डिफॉल्ट असलं तरी वाचताना ही पॉलिसी आपोआप लागत नाही. जुना कोड मोडू नये म्हणून तिथे कॉम्पॅट३२ नावाची जुनी पॉलिसी लागते. मेल तयार करताना मात्र ईमेलमेसेज हा क्लास स्वतःच नवी पॉलिसी घेतो. बिलं नीट गेली, म्हणजे वाचणंही नीट होणार असं मी धरून चाललो, आणि तिथेच फसलो.

जुन्या पॉलिसीत विषय मागितला की तो मेलमध्ये ज्या रूपात प्रवास करतो त्याच रूपात हातात येतो. इंग्रजी विषय जसाच्या तसा दिसतो. मराठी विषय आरएफसी २०४७ या मेलच्या नियमाप्रमाणे गुंडाळलेला असतो : आधी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये मांडायची पद्धत), मग बी (म्हणजे बेस६४, बाइट्स साध्या अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत), मग रोमन अक्षरं आणि आकडे. नीट पाहिलं तर त्यात आपली लिपी ओळखू येते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं असतं आणि बेस६४ मध्ये त्याची नेमकी चार चिन्हं होतात. म्हणून पहिल्या शब्दात दर चार चिन्हांनी ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू असं येत राहतं. त्या ओळीत ‘देखभाल’ शोधलं तर सापडणार कसं? एरर येत नाही, स्क्रिप्ट थांबत नाही, ‘जुळलं नाही’ म्हणून गप्प पुढे जाते. कोड फुटला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून मेल वाचल्यावर पहिल्याच ओळीत त्याचा टाइप छापा. ईमेलमेसेज दिसलं तर पुढे जा. नुसतं मेसेज दिसलं तर पॉलिसी राहिली आहे. थांबा, घाला. बाइट्सपार्सर वापरत असाल तर तिथेही पॉलिसी द्या. डिस्कवरची साठवलेली मेलची फाइल उघडत असाल तर तिथेही. एका फंक्शनमध्ये घातली म्हणून दुसऱ्यात ती असेलच असं नाही. माझ्याकडे वाचणारी दोन फंक्शन्स होती आणि दुरुस्ती मी आधी एकातच केली होती.

मजकूर गेट_बॉडीने घ्या, आधी प्लेन, नसेल तर एचटीएमएल. काही मेलमध्ये दोन्ही नसतं, नुसता फोटो असतो, तेव्हा नन (म्हणजे काहीच नाही) येतं. त्याची सोय करा. फोटोंसाठी आयटर_अटॅचमेंट्सवर विसंबू नका. ते फक्त वरच्या पातळीवरचे भाग पाहतं आणि मजकुराच्या आत चिकटवलेला फोटो त्यातून निसटतो. वॉकने सगळे भाग फिरा आणि इमेज किंवा पीडीएफ असेल ते उचला. फाइलचं नाव नसूही शकतं. असलं तरी पाठवणाऱ्याने दिलेल्या नावाने सेव्ह करू नका, फ्लॅट नंबर आणि तारीख घालून स्वतःचं नाव द्या.

बिलं पाठवताना प्रत्येक सभासदासाठी नवा ईमेलमेसेज करा. तोच पुन्हा वापरला तर विषय दुसऱ्यांदा घालताना एरर येईल. जुना विषय काढून नवा घातलात तरी आधीची अटॅचमेंट तशीच राहू शकते आणि शेजाऱ्याचं बिल भलत्याच घरी जाऊ शकतं. क्रम : आधी सेट_कंटेंट, मग एचटीएमएलचं अ‍ॅड_अल्टरनेटिव्ह, शेवटी पीडीएफ. उलट केलंत तर चालत नाही. सीएसव्हीतून आलेल्या नावाला स्ट्रिप करा, विषयात ओळ तुटली तर एरर येतो.

चाचणी घ्या. स्वतःच्या फोनवरून मराठी विषयाचा मेल पाठवा, एक फॉरवर्ड केलेला, एक नुसत्या फोटोचा. पॉलिसी पुन्हा पाहा.

नोटीस आपोआप काढू नका. आधी यादी छापा, खजिनदारांच्या पासबुकाशी ताडून पाहा, आणि यादीत मराठीत लिहिणारेच जास्त दिसले तर तिथेच थांबून पॉलिसीची ओळ उघडा.