ट्रफाल्गारच्या चित्राची प्रत चौकटीत बसवताना

स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गार येथे 1805 मध्ये झालेल्या आरमारी लढाईचे इंग्रज चित्रकार टर्नरने 1822 ते 1824 या काळात रंगवलेले मूळ चित्र उंचीच्या सुमारे 1.4 पट रुंद असल्याने ते ए-2 आकाराच्या कागदावर जवळजवळ अखंड मावते. प्रत याहून लांबट असेल, तर खालच्या कडेला पाण्यात जिवासाठी धडपडणारे खलाशी कापले गेले नाहीत ना, हे आधी पाहावे, कारण चित्राचा खरा जीव तिथेच आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि काचेला टेकलेला कागद तिला चिकटतो. म्हणून फ्रेमवाल्याकडून आम्लविरहित माउंट (चित्र आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्यावा, चौकटीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत आणि चित्र आतल्या भिंतीवरच टांगावे.