क्लाउडवर पावतीची तारीख एक दिवस मागे जात होती, ते कसं सुटलं (माझा अनुभव)

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्यांचं छोटं वेब अ‍ॅप आहे, पायथन आणि फ्लास्कमधलं. लॅपटॉपवर एकदम व्यवस्थित चालायचं, पण क्लाउडवर टाकल्यावर मध्यरात्रीनंतर कुणी पैसे भरले की पावतीवर आदल्या दिवशीची तारीख. १ एप्रिलला रात्री साडेबाराला भरलेले पैसे ३१ मार्चला जमा, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात, आणि खजिनदार काकांचा ताळा काही केल्या जुळेना.

कारण असं की क्लाउडचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतात आणि आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिकडे कालचाच दिवस असतो. लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेचं, मग तिथे हे दिसणार तरी कसं? तेच अ‍ॅप लोकली डॉकर कंटेनरमध्ये चालवलं (कंटेनर म्हणजे बाकी लॅपटॉपपासून वेगळा ठेवलेला बंदिस्त डबा, आणि तो सहसा यूटीसीवरच असतो) आणि रात्री बारानंतर एक पावती काढली, लगेच तीच चूक समोर.

मग डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवली आणि पावती छापताना पायथनच्या झोनइन्फो या टाइमझोनच्या मॉड्यूलने 'एशिया/कोलकाता'मध्ये बदलून घेतली. सर्व्हरचाच टाइमझोन बदला असं बरेच जण सांगतात पण मला ते पटत नाही, उद्या होस्टिंग बदललं की परत तेच. हां, काही छोट्या डॉकर इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यात) टाइमझोनचा डेटाच नसतो आणि झोन सापडत नाही अशी एरर येते, तेव्हा रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) टीझेडडेटा पॅकेज टाका.