वीरगळ कशी बघायची आणि गावाला तिची गोष्ट कशी विचारायची

पुण्यातून बाईक काढून सासवड, मावळ, मुळशी कुठंही जा, जुन्या शंकराच्या देवळामागं नाहीतर पाराजवळ एखादा कोरलेला काळा दगड उभा असतोच, बऱ्याचदा शेंदूर फासलेला, अर्धा मातीत गेलेला. लढाईत मेलेल्या माणसाचा तो दगड, म्हणजे वीरगळ. यावर लिहायचंय कारण लोक फोटो काढतात आणि निघतात, अर्धं काम राहतं. दगड काय सांगतो ते एक आणि गाव काय सांगतं ते दुसरं, दोन्ही घ्यायचं आणि एकमेकांत मिसळू द्यायचं नाही.

जायचं दिवाळीनंतर, पावसाळ्यात गवतात दगड सापडतही नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर बघा, तिरक्या उजेडात झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं, भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. उजेड नीट नसेल तर मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने दगडाला लागून धरा, फरक लगेच कळेल. खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावायचं नाही आणि शेंदूर तर अजिबात खरवडायचा नाही, तो कुणाचा तरी देव आहे.

वाचायचं खालून वर. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला असतो, तिथंच किंवा वरच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार, कधी घोडा. गाई कोरलेल्या असतील तर गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना तो गेला असं समजायचं. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात, आणि वरच्या चौकटीत तो पिंडीपुढं हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. पण नाव बहुतेक वेळा कोरलेलंच नसतं, म्हणून तर गावाची गोष्ट एवढी महत्त्वाची. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, गाढव आणि बाई दिसली तर गद्धेगाळ, ती स्मारक नाही, राजाने वगैरे दिलेलं जमिनीचं दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे. डोळा तयार करायचा असेल तर आधी बारामती तालुक्यात लोणी भापकर करा, नाहीतर भुईंजजवळ किकलीला भैरवनाथाच्या आवारात जा, तिथं भरपूर वीरगळी एकत्र बघायला मिळतात. समुद्रावरची लढाई बघायची तर बोरिवलीत एकसर, तिथल्या दगडांवर चक्क जहाजं आहेत.

आता गोष्ट. गावात गेल्या गेल्या "ही वीरगळ आहे, यादवकाळातली असेल" असं बोलून टाकू नका, मग समोरचा तेच तुम्हाला परत ऐकवतो. नुसतं विचारा, "बाबा, याला काय म्हणता तुम्ही?" कुणी म्हसोबा म्हणेल, कुणी वेताळ, कुणी नुसतं 'वीर'. मग नारळ कोण फोडतं, कोणत्या दिवशी, नैवेद्य कसला, कुणाच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा, आहे का, हे विचारत जा. नैवेद्याचं बायकांना विचारा, मावशी-आजींना माहीत असतं आणि पारावरच्या मंडळींना नसतं. गुरवाची गोष्ट आणि मळ्यातल्या म्हाताऱ्याची गोष्ट वेगळी निघाली तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या शब्दात, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं तर उत्तमच. बऱ्याच ठिकाणी तो महाराजांचा मावळा असतो. दगड त्याहून कितीतरी जुना दिसत असला तरी तिथं वाद घालू नका, गावाला तो आपला माणूस वाटतो ही माहितीच आहे, दगडाबद्दलचं तुमचं मत वहीत वेगळ्या पानावर लिहा.

दगड तीळतीळ वाढतो असंही बऱ्याच ठिकाणी सांगतात. उतारावरचा दगड असेल तर पायथा बघा, पावसात माती वाहून जाते आणि दगड खरंच दरवर्षी जास्त उघडा पडतो, म्हणजे आजोबांनी लहानपणी बघितलेला बुटका दगड आज उंच दिसणारच. म्हणून जमिनीपासूनची उंची मोजून तारखेसकट लिहून ठेवा.

गोष्टीत खाली पुरलेलं धन आलं तर मात्र सावध राहा, रात्रीत खणून दगड पाडण्याचे प्रकार त्यातूनच होतात. अशी गोष्ट आणि दगडाचं नेमकं लोकेशन एकत्र ऑनलाइन टाकू नका, तालुका लिहिला तरी पुरे. सतीशिळेच्या गोष्टी लिहून घ्या पण गौरव करत पोस्ट करू नका, 1987 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

फोटो चारही बाजूंनी, एक स्केलपट्टी शेजारी ठेवून, आणि एक लांबून, देऊळ-झाड दिसेल असा. सगळ्यात जास्त नुकसान जीर्णोद्धारात होतं, जुनं देऊळ पाडून आरसीसी आणि टाइल्स येतात आणि हे दगड ओढ्यात नाहीतर भरावात जातात, फार वाईट वाटतं बघून. असं काम निघालंय असं कळलं तर सरपंच आणि देवस्थानच्या लोकांना आधी भेटा, कट्ट्यावर एका ओळीत दगड उभे करून द्या म्हणा, सिमेंटमध्ये चेहरा बुजणार नाही असे, ऑइलपेंट न लावता. बहुतेक लोक ऐकतात, त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. अक्षरं कोरलेली दिसली तर स्वतः अर्थ लावत बसू नका, नीट फोटो घेऊन राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा किंवा सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा, 1910 पासून तिथं हेच काम चालतं. आणि गोष्टीची एक प्रत गावच्या शाळेत द्या, सांगणाऱ्या आजोबांचं नाव वर घालून, त्यांना चालत असेल तर.