दुर्बिणीतून कुत्रीचा स्पे करताय? या चुका टाळा

आता आपल्याकडंही पोरं दुर्बिणीतून स्पे (ओव्हरी म्हणजे अंडाशय काढून नसबंदी) करायलेत, बरंच आहे, टाके छोटे अन् दुखणं कमी. पण त्याच त्या चुका बघून जीव वैतागलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त राग येतो तो ओव्हरीचा तुकडा आत सोडून देण्याचा. जिंतूरकडची एक लॅब्रा आली होती, दुसरीकडं लॅपनं (दुर्बिणीनं) स्पे झालेला, तरी माजावर आली, दारात गल्लीतले सगळे कुत्रे. मालक म्हणाले, "डॉक्टरसाब, पैसे घेऊन अर्धंच काम केलं का ओ?" योनीचा स्मिअर काचेवर घेऊन बघितला तर माजाच्याच पेशी. पोटात स्कोप (दुर्बीण) टाकला तर उजव्या किडनीच्या मागं पेडिकलला (ओव्हरीच्या शिरांच्या देठाला) घेवड्याच्या दाण्याएवढा तुकडा चिकटलेला. उजवी ओव्हरी वर अन् खोल असते, घाईत तिथंच हात आखडता घेतात. त्यात कुत्रीची ओव्हरी बर्सात (भोवतीच्या पिशवीत) अन् चरबीत गुंडाळलेली, नीट दिसतच नाही, म्हणून सील (शीर बंद करणं) ओव्हरीपासून लांब, पेडिकलवर घ्या. अन् लॅपमध्ये गर्भाशय बहुतेक वेळा आतच ठेवतात, त्यामुळं तुकडा राहिला की पायोमेट्राची (गर्भाशयात पू होण्याची) भीती आलीच. माझी सवय अशी की दोन्ही ओव्हऱ्या बाहेर काढून टेबलावर बर्सा कापून बघतो, अख्खी ओव्हरी डोळ्यानं दिसल्याशिवाय टाके घालत नाही. दोन मिनिटं लागतात, तेवढाही दम नसेल तर हे काम करू नका.

दुसरं, व्हेरेस नीडल (पोटात गॅस भरायची सुई) आंधळेपणानं खुपसणं. एसप्रोमझीन (गुंगीचं औषध) दिलेलं असलं की स्प्लीन (प्लीहा) फुगते, सुई थेट तिच्यात जाते अन् कॅमेऱ्यात नुसतं रक्त. मी छोटा कट घेऊन आतलं बघूनच पहिला पोर्ट (दुर्बीण, अवजारं घालायची नळी) टाकतो, नवीन माणसानं तर दुसरं काही करूच नये. ब्लॅडर आधी रिकामं करा, हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं.

पोट फुगवायच्या गॅसचं प्रेशर कुत्र्यात 8 ते 12 mmHg, मांजरात 6 ते 8 पुरतं, जागा दिसत नाही म्हणून वाढवत बसले की श्वास दबतो. सील करताना ओव्हरी ताणून धरू नका, ताण सैल करा, नाहीतर शीर नीट बंद होत नाही. लेन्सवर वाफ येत असेल तर स्कोप कोमट सलाईनमध्ये ठेवा. पोर्ट 5 मिमीचा असला तरी आतला थर शिवा, मांजरात तर चरबी हमखास बाहेर येते.

अन् ओपनचा (पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा) अवजारांचा सेट उघडून टेबलावर मांडलेला पाहिजे, कपाटात नाही. ज्याला ओपन स्पे हातखंडा येत नाही त्यानं ट्रोकारला (पोर्ट टाकायच्या टोकदार अवजाराला) हात लावू नये, कारण रक्त सुटलं की पोट उघडायचंच असतं.