राधानगरीत गाइड व्हायचंय? आधी गावाचं पंचांग पाठ करा

पर्यटनाचा कोर्स केलेली कोल्हापूरची मुलं-मुली विचारत असतात, राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरकडं गाइडचं काम मिळेल का? मिळेल. दाजीपूर 1958 साली गव्यांसाठी राखीव झालं, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, हे पावणे मोबाइलवर वाचूनच येतात. कुठल्या महिन्यात कुठं जायचं आणि कुठं अजिबात जायचं नाही, हे मात्र त्यांना तुम्हीच सांगायचं असतं.

काजव्यांचंच बघा. मे सरता सरता वळीव झाला, की झाडं लखलखायला लागतात आणि त्याच आठवड्यांत गाड्यांची रांग लागते. नर चमकून मादीला खुणावतो, मादी बऱ्याचदा खाली गवतात-पाल्यात असते. म्हणजे फोटोसाठी रस्ता सोडून आत शिरणारा माणूस नेमका तिच्यावरच पाय देतो. हेडलाइट, फ्लॅश, मोबाइलचा टॉर्च पडला की ही खुणवाखुणवी विस्कटते. मी टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधतो, उजेड पायापुरताच पाडतो आणि गाडी लांब उभी करतो. कुरकुर होते. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले, की तीच मंडळी कुजबुजत बोलायला लागतात.

पावसाळ्यात अभयारण्य बंद आणि गावात भाताची रोपलागण चालू. चिखलात उतरायची हौस पाहुण्यांना फार. घरधन्याला आदल्या दिवशी विचारा, तो नको म्हणाला तर विषय संपला. देवराईत चपला बाहेर, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. हा नियम गावाचाच, आपण फक्त पाळायचा.

धनगरी गजनृत्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. ढोल, कैताळ म्हणजे झांजा, हळदीचा भंडारा हे बिरोबाचं, म्हणजे धनगरांच्या बिरदेवाचं. रिसॉर्टच्या अंगणात जेवणाआधी अर्धा तास नाचवायला मी कधी कुणाला बोलावत नाही. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची जत्रा असते, ज्याला बघायचंय त्यानं तिथं जावं. गर्दीत चेंगरेल, भंडाऱ्यानं पिवळा होईल, पण खरं बघेल.

जेवणात सगळ्यांना तांबडा-पांढराच हवा असतो. तो शहरात मिळतोच की! इथं नाचणीची भाकरी, पावसाळ्यात रानभाजी, उन्हाळ्यात करवंदं. ताटाचा दर आधी ठरवा आणि पैसे थेट स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात द्या. मधल्या माणसाकडून ते पोचायला महिना लागतो, आणि मग पुढच्या खेपेला चूल पेटत नाही.

सुरुवात करायची तर वनखात्याकडं गाइडच्या नोंदणीची चौकशी करा आणि एक अख्खा हंगाम जुन्या गाइडबरोबर फिरा. पगार थोडा मिळेल, चालतंय. पण ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणत कुणी फुकट राबवू पाहत असेल, तर सरळ दुसऱ्या गाइडकडं जा.